रिकाम्या फितीचा पाठ

पाठचिकित्सेच्या अभ्यासाचा आरंभ बहुधा एका साध्या प्रश्नापासून होतो. एखाद्या पोथीत एखादी ओवी नाही. आता ती मुळातच नव्हती, की नकलणाऱ्याच्या नजरेतून निसटली, की तेवढे पान वाळवीने खाल्ले? तिन्ही शक्यतांचा दृश्य परिणाम एकच, म्हणजे ओवी नसणे. अर्थ मात्र सर्वस्वी वेगळे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. जवळजवळ अर्धशतकाच्या त्या खटाटोपातील मोठा भाग अशा ‘नसण्या’चा अर्थ लावण्यात खर्ची पडला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी याहून फार दूरचा आहे. रानात झाडाला बांधून ठेवायची, सेलवर चालणारी, माणसाच्या गैरहजेरीत पशुपक्ष्यांचे आवाज टिपणारी यंत्रे, आणि ती बंद पडण्याच्या तऱ्हा. या यंत्रांचा इतिहास आजवर यंत्रज्ञांनी व पक्षिशास्त्रज्ञांनी सांगितला आहे, आणि त्यात प्रगतीची एक चढती कमान असते: यंत्र हलके झाले, स्वस्त झाले, अधिक दिवस चालू लागले. ती कमान खोटी नाही. आम्हांला मात्र त्याच इतिहासात दुसरी एक गोष्ट दिसते. यंत्र जसजसे हलके होत गेले, तसतसा यंत्रापाशी बसलेला माणूस दूर होत गेला. आणि तो पुरता दूर झाल्यावर फितीवरच्या मौनाचा अर्थ सांगणारा साक्षीदारच उरला नाही. पक्षी गप्प होता, की यंत्र बहिरे झाले होते? हा प्रश्न पोथीतल्या गळलेल्या ओवीच्या जातकुळीचा आहे, आणि एका पक्ष्याच्या बाबतीत तर तो एका देशाच्या सरकारी निर्णयापर्यंत जाऊन पोहोचला.

आरंभी मात्र माणूस आणि यंत्र एकाच खोलीत होते. पक्ष्याच्या आवाजाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने मुद्रण १८८९ मधील मानले जाते. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात लुडविग कोख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणून दिलेल्या एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर ते केले. पक्षी होता शामा, म्हणजे भारतातला, आपल्या सह्याद्रीतही गाणारा. पण तो पिंजऱ्यातला होता. यंत्रापुढे पिंजरा ठेवायचा आणि पक्षी गाईपर्यंत वाट पाहायची, एवढेच तंत्र. न गायल्यास ते मुलाला दिसतच होते. तेव्हा मौनाचा प्रश्न उद्भवला नाही.

पिंजऱ्याबाहेरचा पक्षी टिपायचा तर यंत्राने बाहेर जायला हवे, आणि यंत्र जड होते. १९२४ च्या मे महिन्यात बीबीसीने इंग्लंडच्या सरे परगण्यातील एका बागेत मायक्रोफोन नेला. बिअ‍ॅट्रिस हॅरिसन ही चेलोवादक बागेत वाजवत असे आणि नाइटिंगेल तिला साथ देत, अशी ख्याती होती. ते प्रक्षेपण विलक्षण गाजले. सुमारे शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, अशी शंका पुढे आली की त्या रात्री ऐकू आलेला पक्षी कदाचित पक्ष्यांची नक्कल करणारी एक कलावंत असावी. शंकेचा निकाल लागलेला नाही, आणि आम्हांलाही तो लावायचा नाही. मात्र नभोवाणीच्या इतिहासातील हे आद्य ‘निसर्गाचे’ प्रक्षेपण प्रक्षिप्त असण्याची शक्यता साहित्याच्या विद्यार्थ्याला फारशी धक्कादायक वाटू नये. आद्य ग्रंथांच्या बाबतीत आपण हे नेहमीच सोसत आलो आहोत.

खऱ्या अर्थाने यंत्र घराबाहेर पडले ते अमेरिकेत. १९२९ च्या मे महिन्यात कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन व पीटर पॉल केलॉग यांनी इथाका येथील स्ट्युअर्ट पार्कमध्ये बोलपटासाठी नुकतेच निघालेले तंत्र वापरून रानपाखरांचे आवाज चित्रपटाच्या फितीवर उतरवले. बोलपटाच्या धंद्यातून हे तंत्र आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे; पक्षिशास्त्राने स्वतःसाठी यंत्र घडवण्याऐवजी मनोरंजनाचे यंत्र उसने घेतले. पुढे अल्बर्ट ब्रँड हा शेअरबाजारातील धंदा सोडून आलेला गृहस्थ या कामात पडला, त्याने पैसा आणि उत्साह दोन्ही पुरवले. दूरचा आवाज गोळा करण्यासाठी मायक्रोफोनमागे मोठी खोलगट थाळी लावण्याची युक्ती याच मंडळींनी रूढ केली.

आणि मग १९३५ साल येते. येथे थोडे रेंगाळणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व वाद या एका वर्षाच्या एका फितीभोवती फिरतो.

हस्तिदंती चोचीचा सुतार हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत मोठा सुतार पक्षी. दलदलीतील जुनी, प्रचंड वाढलेली झाडे हे त्याचे घर, आणि नुकत्याच मेलेल्या झाडांच्या सालीखालील अळ्या हे त्याचे अन्न. अशी जंगले झपाट्याने तुटत होती. लुईझियाना राज्यात टॅलुला गावाजवळ त्यांतील एक मोठा तुकडा शिल्लक होता, सुमारे ८०,००० एकरांचा. त्याचे नाव सिंगर ट्रॅक्ट. हा सिंगर म्हणजे आपल्या आजीपणजींच्या घरात पायटा मारून चालणाऱ्या शिवणयंत्रावरचाच सिंगर. त्या यंत्रांची लाकडी मेजे बनवण्यासाठी कंपनीने हे जंगल घेऊन ठेवले होते. मराठी मध्यमवर्गीय घराच्या कोपऱ्यातील एका वस्तूचा आणि लुईझियानातील एका नामशेष होत चाललेल्या पक्ष्याचा असा संबंध जुळावा, हा योगायोग आम्हांला काहीसा अस्वस्थ करणारा वाटतो.

अ‍ॅलन, केलॉग, तरुण विद्यार्थी जेम्स टॅनर आणि चित्रकार-पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज मिक्श सटन अशी मंडळी या रानात गेली. वाट दाखवायला तेथला रखवालदार कून होता. त्याच्यावाचून घरटे सापडले नसते. मुद्रणाचे सामान ट्रकमध्ये बसवलेले होते: ध्वनिवर्धक, बॅटऱ्या, फितीचे यंत्र, ती थाळी. ट्रक चिखलात जाईना. तेव्हा सगळे सामान उतरवून एका शेतगाडीवर चढवले गेले आणि गाडीला खेचरे जुंपली गेली. घरट्याच्या झाडापासून थोड्या अंतरावर तळ पडला. पक्ष्याच्या शास्त्रीय नावातील ‘कॅम्पेफिलस’वर कोटी करून मंडळींनी तळाचे नाव ‘कॅम्प एफिलस’ असे ठेवले. ९ एप्रिल १९३५ रोजी फीत फिरली आणि पक्ष्याचा आवाज तिच्यावर उतरला. पत्र्याच्या खेळण्यातल्या पिपाणीसारखा नाकातला, पुनःपुन्हा येणारा स्वर. इंग्रजीत तो ‘केंट’ या अक्षरांनी लिहितात.

या मुद्रणाजवळ माणसे होती, एक-दोन नव्हे, अख्खा तळ. कानाला श्रवणयंत्र लावलेला केलॉग, दुर्बिणीतून पाहणारा अ‍ॅलन, टिपणे घेणारा टॅनर. फितीवर जे उतरले त्याची साक्ष डोळ्यांनी आणि टिपणांनी दिली; जे उतरले नाही त्याचीही दिली. बॅटरी उतरली तर उतरल्याचे तेथेच कळत होते. पोथीच्या भाषेत बोलायचे, तर नक्कल करणारा, शोधन करणारा आणि पुष्पिका लिहिणारा एकाच मांडवात बसले होते.

पुढील हकिगत थोडक्यात सांगता येते, आणि सांगायला फार वेळ घ्यावा असे वाटतही नाही. टॅनरने १९३७ ते १९३९ या काळात या पक्ष्याचा अभ्यास केला, तो १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. लाकूड तोडण्याचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे गेले होते. युद्धकाळात जर्मन युद्धकैद्यांनाही तोडीच्या कामावर लावण्यात आले. एप्रिल १९४४ मध्ये डॉन एकलबेरी या चित्रकाराने तोडलेल्या रानाच्या कडेला एकच एकटी मादी पाहिली. सर्वांना मान्य असलेले हे शेवटचे दर्शन.

यानंतर यंत्रे हलकी झाली. स्वित्झर्लंडमध्ये स्तेफान कुडेल्स्की या पोलिश निर्वासिताने १९५१ मध्ये ‘नाग्रा’ हे खांद्याला लावून नेण्याजोगे मुद्रणयंत्र बनवले. नाग्रा या पोलिश शब्दाचा अर्थ ‘ते मुद्रित करील’ असा भविष्यकाळी आहे. पहिल्या नाग्राची फीत चावीच्या यंत्रणेने फिरत असे. १९५८ च्या नाग्रा-३ ला विजेरीत घालतात तसे १२ मोठे सेल लागत. ट्रक आणि खेचरे गेली, एक माणूस आणि एक खांदापट्टा उरला. मात्र माणूस होता. त्याला झोप येत असे, डास चावत असत, पावसात त्याला परतावे लागे. म्हणून रानातील ध्वनींचा संग्रह हा पुष्कळ अंशी माणसाच्या सोयीच्या वेळांचा संग्रह राहिला.

ही मर्यादा ओलांडायची तर यंत्र एकटे सोडणे भाग होते. लहान संगणक, हार्ड डिस्क आणि टिकाऊ बॅटऱ्या आल्यावर ते शक्य झाले, आणि पहिल्या मोठ्या परीक्षेसाठी विषय निघाला तोच, हस्तिदंती चोचीचा सुतार. १९९९ मध्ये लुईझियानातील पर्ल नदीच्या खोऱ्यात एका विद्यार्थ्याला ही जोडी दिसल्याचे वृत्त आले. २००२ मध्ये कॉर्नेलच्या मंडळींनी त्या दलदलीत स्वयंचलित मुद्रणयंत्रे बसवली. शोधकांना एके दिवशी ठक्-ठक् असा दुहेरी ठोका ऐकू आला. या कुळातील सुतार असाच ठोका देतात, आशा उंचावल्या. यंत्रांतील हजारो तासांचे मुद्रण तपासले गेले तेव्हा निष्पन्न झाले की तो आवाज दूरवरच्या बंदुकीच्या बारांचा होता. माणसाचा कान चुकला आणि यंत्राने त्याला सुधारले, असा हा प्रसंग.

दुसरा प्रसंग इतका सरळ नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील कॅश नदीच्या अभयारण्यात एका नावाड्याने पक्षी पाहिला. एप्रिलमध्ये सुमारे चार सेकंदांची अस्पष्ट चित्रफीत मिळाली. २८ एप्रिल २००५ रोजी पक्षी जिवंत असल्याची घोषणा झाली. तीन नामवंत अभ्यासकांनी आक्षेपाचा लेख लिहून छापण्यास दिला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी तेथील स्वयंचलित यंत्रांनी टिपलेले आवाज ऐकले आणि लेख मागे घेतला. चित्राने ज्यांचे समाधान झाले नव्हते, त्यांचे आवाजाने झाले. पण वाद संपला नाही. निळा जे हा पक्षी ‘केंट’सारखा स्वर काढू शकतो, हे दाखवून देण्यात आले. २००७ मध्ये दुसरे काही अभ्यासक म्हणाले की बदकांच्या थव्यात पंखांवर पंख आपटूनही दुहेरी ठोक्यासारखा आवाज होतो, आणि हिवाळ्यात गॅडवॉल बदके त्या दलदलीत असतातच.

यंत्रातील आवाज ताडून पाहायचे ते कशाशी? १९३५ च्या फितीशी. दुसरी निर्विवाद प्रतच नाही. पाठचिकित्सेत एकमेव पोथीवर विसंबण्याचे धोके आपण शिकवतो, ते सर्व येथे लागू पडतात. ती फीत घरट्यापाशी, माणसांच्या सान्निध्यात, बहुधा बिथरलेल्या पक्ष्यांची आहे. एकटा पक्षी भर रानात, दूरवर कसा बोलतो, ते तिच्यातून कळण्याची सोय नाही. दुहेरी ठोका तर तिच्यात निर्विवादपणे नाहीच, त्यामुळे तो दक्षिणेकडील जातभाईंच्या ठोक्यांशी जुळवून पाहावा लागला. एका कुळातील एका घराण्याच्या पोथीवरून दुसऱ्या घराण्याचा हरवलेला पाठ अनुमानाने सिद्ध करावा, असा हा प्रकार. आम्ही तो त्याज्य मानत नाही. महाभारताच्या संपादकांनाही ते पुष्कळदा करावे लागले. फक्त त्याला ‘पुरावा’ म्हणताना आवाज जरा खाली आणावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

येथवर प्रश्न होता तो फितीवर असलेल्या आवाजाचा. नसलेल्या आवाजाचा प्रश्न यंत्रे स्वस्त झाल्यावर ऐरणीवर आला. २०१० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील साउदम्प्टन व ऑक्सफर्ड विद्यापीठांतील तरुणांनी ‘ऑडिओमॉथ’ हे यंत्र विकसित केले. काड्यापेटीहून थोडे मोठे, तीन पेन्सिल सेलांवर चालणारे, नखाएवढ्या मेमरी कार्डावर लिहिणारे. रचना सर्वांना खुली आणि किंमत जुन्या व्यावसायिक यंत्रांच्या तुलनेत फारच कमी; त्यामुळे पूर्वी एक यंत्र घेणारी संस्था पन्नास यंत्रे रानात पसरू लागली. पन्नास यंत्रे म्हणजे बिघडण्याच्या पन्नास संधी, हेही ओघानेच आले.

या बिघाडांची यादी यंत्राच्या माहितीपुस्तकात असते. आम्ही ती पाठदोषांची यादी म्हणून वाचतो.

प्रथम सेल. साधा अल्कलाइन सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो आणि पुढे हळूहळू, सलग उतरत जातो. पुन्हा भरता येणारा निकेल-धातूचा सेल बहुतांश काळ सव्वा व्होल्टच्या आसपास स्थिर राहतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. यंत्रातील मापक पहिल्या जातीसाठी जुळवलेला असला, की दुसऱ्या जातीचा भरलेला सेलही त्याला अर्धा रिता दिसतो, आणि मरणाच्या दारातला सेल ठीक दिसतो. तीन सेलांत एक जुना घातला, तर तो दोन नव्यांनाही खाली ओढतो. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतो, म्हणून बर्फाळ प्रदेशात लिथियमचे सेल घेतात. आपल्याकडील पावसाळ्यात सेलापेक्षा त्याला टेकणारी पत्र्याची स्प्रिंग आधी गंजते, आणि भरलेले सेल असूनही यंत्र मृत होते. या सर्वांचा परिणाम एकच: अमुक तारखेपासून पुढे फीत कोरी. मात्र हा दोष प्रामाणिक आहे. पोथीचे अखेरचे पान फाटलेले असावे तसा तो उघड दिसतो.

कार्डाचा दोष याहून थोडा आडवा. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, या प्रमाणाने एका तासाचे मुद्रण सुमारे ३४६ मेगाबाइट जागा खाते. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर अखंड मुद्रण केले तर ते ९२ तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आत भरते. म्हणून कोणी अखंड मुद्रण करीत नाही. तासातून पाच मिनिटे ऐकायचे आणि पंचावन्न मिनिटे झोपायचे, असे वेळापत्रक घातले की तेच कार्ड सुमारे दीड महिना पुरते. ही व्यवहारी तोड झाली. पण तिच्यामुळे यंत्र हे नक्कल करणारा न राहता वेचे काढणारा होते. पंचावन्न मिनिटांत कोण बोलले, ते या संपादकाने आधीच गाळलेले आहे. त्यात बाजारातले नकली कार्ड मिळाले, तर ते वरून मोठे आणि आतून लहान निघते, आणि भरल्यानंतरचे सर्व लेखन हवेत विरते. अनुभवी लोक प्रत्येक कार्ड रानात नेण्यापूर्वी पुसून, भरून, पुन्हा वाचून पाहतात. हा कंटाळवाणा सोपस्कार अभ्यासकाच्या खऱ्या कसोटीचा आहे असे आम्हांला वाटते.

तिसरा दोष जागेचा. यंत्र जाड खोडाला बांधले की खोडामागच्या अर्ध्या जगाला ते बहिरे होते. बांधण्याच्या पट्ट्याचे सैल टोक वाऱ्याने फडफडते, जवळचे पान मायक्रोफोनवर आपटत राहते, आणि महिनाभराच्या मुद्रणात पान हाच मुख्य गायक ठरतो. प्लास्टिकच्या पिशवीत यंत्र घालून सिलिका जेलची पुडी टाकली तर ओल टळते, पण पावसाचा प्रत्येक थेंब ढोलावर पडल्यासारखा वाजतो. आवाजाची पातळी निघण्यापूर्वीच ठरवावी लागते. ती फार चढी ठेवली, तर रातकिड्यांच्या गजराने बाकी सारे चिरडून जाते. मुंग्या मायक्रोफोनच्या छिद्रात घर करतात. असे मुद्रण कोरे नसते. ते भरगच्च असते, फक्त त्यात पाहिजे ते नसते. पोथीवर शाई सांडावी तसे.

आणि घड्याळ. आमच्या मते हा सर्वांत घातक दोष, कारण तो दिसत नाही. सेल काढून घातले की अशा यंत्राचे घड्याळ पुन्हा लावावे लागते. लावले नाही, तर काही यंत्रे संगणकांच्या कालगणनेचा आरंभ असलेल्या १ जानेवारी १९७० पासून मोजू लागतात. घड्याळ लावले पण ते जागतिक प्रमाणवेळेवर, आणि वाचताना भारतीय वेळ समजून वाचले, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. सकाळी सहाचा कलरव मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने झाल्याचे दिसते. ऑडिओमॉथच्या आरंभीच्या आवृत्त्यांत प्रत्येक मुद्रणाचे नाव म्हणजे १९७० पासून उलटलेल्या सेकंदांची सोळाच्या पायावर लिहिलेली संख्या असे. अक्षरे आणि आकडे यांचे ते कडबोळे माणसाला वाचता येत नसल्याने चूक कोणाच्या नजरेस पडत नसे. पुढे सरळ तारीख-वेळ लिहिण्याची पद्धत आली. आवाज अस्सल, पक्षी अस्सल, रान अस्सल, फक्त पुष्पिका खोटी.

पुष्पिका खोटी असली म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या खानदेशात आहे. त्यात यंत्र नाही, परंतु दोष तोच. रानपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात गोळा केले. त्यानंतर अस्सल नमुना मिळाला नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ख्यातनाम संग्राहकाच्या नावे १९१४ चा, गुजरातेतील मांडवीचा, एक नमुना नोंदलेला होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला नमुना निघाला. लेबल तेवढे नवे. त्या लेबलामुळे पक्षी भलत्या जागी शोधला जात होता. खोटा पाठ दूर सारून जुन्या ठिकाणांवर लक्ष दिल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या डोंगराळ रानात रासमुसेन आणि तिचे सहकारी यांना रानपिंगळा प्रत्यक्ष दिसला, ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातील तानसाच्या रानातही तो सापडला. म्हणजे पक्षी नाहीसा झालेला नव्हता. एका कागदाच्या चिठोऱ्याने त्याला नाहीसे केले होते. माइनर्ट्‌झहागनने ते हेतुपुरस्सर केले, आणि घड्याळ न लावणारा विद्यार्थी ते विसरभोळेपणाने करतो. संग्रह वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच.

मौनाला अर्थ देण्याचे गणितही या काळात उभे राहिले. २००२ मध्ये डॅरिल मॅकेन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रीत मांडली की एकाच जागी पुनःपुन्हा जाऊन ‘आढळला’ आणि ‘आढळला नाही’ यांची नोंद ठेवली, तर प्राणी असूनही न आढळण्याची संभाव्यता काढता येते. स्वयंचलित यंत्रे या रीतीला फार सोयीची, कारण ती रोजच ‘जातात’. मात्र रीतीच्या मुळाशी एक अट आहे: ‘आढळला नाही’ असे लिहायचे तर ऐकण्याचा प्रयत्न खरोखर झालेला असला पाहिजे. सेल संपल्यानंतरच्या दिवसांपुढे शून्य लिहायचे नसते, रकाना रिकामा ठेवायचा असतो. शून्य आणि रिकामा रकाना यांतील फरक संगणकाला आपण सांगितल्यावाचून कळत नाही. म्हणून काटेकोर अभ्यासक यंत्रागणिक एक वही ठेवतात: बांधल्याची तारीख, सेलांची जात व दाब, घड्याळ कशावर लावले, काढताना दिवा लुकलुकत होता की नाही, पहिल्या आणि शेवटच्या मुद्रणात स्वतःच्या तोंडाने उच्चारलेली जागा व वेळ. शेवटची युक्ती आम्हांला विशेष भावली. माणूस यंत्रापासून दूर गेला खरा, पण जाताना आणि येताना तो फितीवर स्वतःच्या आवाजात पुष्पिका लिहून ठेवतो.

मौनाच्या या हिशेबावर काय अवलंबून असते, ते अमेरिकन सरकारच्या एका निर्णयातून दिसले. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील मत्स्य व वन्यजीव सेवेने २३ जाती नामशेष झाल्याचे मानून संरक्षित यादीतून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. हवाई बेटांपैकी कवाईवरील ओओ हा पक्षी त्यांत होता. तो शेवटचा ऐकला गेल्याची नोंद १९८७ ची. हस्तिदंती चोचीचा सुतारही त्यांत होता. वगळणे म्हणजे त्याच्या नावाने रानाला मिळणारे कायद्याचे कवच काढणे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतिम निर्णय झाला तेव्हा २१ जाती वगळल्या गेल्या, त्यांत ओओ होता. सुताराचा निर्णय मात्र अधिक विचारासाठी मागे ठेवण्यात आला. एकाचे मौन पुरेसे मानले गेले आणि दुसऱ्याचे नाही. कवाईचे जंगल लहान आणि अनेकदा धुंडाळलेले. दक्षिणेकडील दलदल अफाट, पाणथळ, आणि तेथे न ऐकलेल्या जागा ऐकलेल्या जागांहून कितीतरी अधिक, असे या भेदाचे समर्थन करता येईल. दुसरे कारणही आम्हांला दिसते, ते असे की सुताराच्या बाजूने बोलणारे लोक थकले नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात लुईझियानातील दहा वर्षांच्या शोधाचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात झाडांवरच्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे, ड्रोनच्या चित्रफिती आणि ऐकलेल्या आवाजांच्या नोंदी आहेत. छायाचित्रे धूसर आहेत, आणि मतभेद पूर्वीसारखेच आहेत. आवाजाच्या बाजूने कोणालाही काही ताडून पाहायचे असेल, तर हाताशी अद्याप एकच निर्विवाद प्रत आहे, खेचरांच्या गाडीवर बसून ९ एप्रिल १९३५ रोजी केलेली. आणि ती इथाकाच्या संग्रहात कोणालाही ऐकता येते.